घरच्या टीव्हीवर नवा कॉन्ट्रा: ‘ऑपरेशन गलुगा’ लावण्यापासून पहिला बॉस पाडेपर्यंत

शेवटचा टीव्ही गेम खेळलात तेव्हा कॅसेटमध्ये फुंकर मारावी लागत होती का? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत चाळिशीच्या आसपासची बरीच मंडळी आहेत. ‘कॉन्ट्रा’ नव्याने आलाय हे कुणाच्या तरी स्टेटसवर बघायचं, उत्साहात गेम विकत घ्यायचा, मुलाच्या लॅपटॉपवरून टीव्हीवर लावायचा आणि दहा मिनिटांत “आता वय झालं रे, हात चालत नाही” म्हणून रिमोट खाली ठेवायचा, असा साधारण क्रम असतो. मग मला बोलावणं येतं. बहुतेक वेळा हातात काही बिघाड नसतो. टीव्हीचं सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर कंट्रोलर भिकार असतो, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड लेव्हल लावलेली असते. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं.

लागणारं सामान

- विंडोज लॅपटॉप किंवा पीसी. घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल तर तोही चालेल.
- दोन कंट्रोलर. एकावर भागतं, पण मजा अर्धी होते.
- तीन मीटरची एचडीएमआय केबल. लॅपटॉप टीव्हीखाली अवघडून ठेवावा लागत नाही एवढी लांब हवी.
- लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर अडॅप्टर. पण थांबा, प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. आधी लॅपटॉपची माहिती वाचा, मग अडॅप्टरला पैसे घाला.
- स्टीमचं (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खातं, त्याला जोडलेला ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाईल.
- कंट्रोलर दुकानातून घेतलात तर जीएसटीचं पक्कं बिल. वॉरंटीच्या वेळी पांढऱ्या चिठ्ठीवरचा हिशोब कुणी विचारत नाही.

## १. आधी गेम ओळखून घ्या

मूळ ‘कॉन्ट्रा’ जपानच्या कोनामी कंपनीने १९८७ मध्ये आर्केड मशीनसाठी काढला आणि १९८८ मध्ये तो घरच्या ८-बिट मशीनवर आला. आपल्याकडे आला तो बहुतेक घरांत त्या मशीनच्या नकलेवर, ‘अमुक इन वन’ लिहिलेल्या कॅसेटमधून. त्यात नावं हजारो असायची आणि गेम मोजून पाच-सहा, हे सगळ्यांना आठवत असेल.

‘कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा’ १२ मार्च २०२४ ला आला. बनवलाय वेफॉरवर्ड या अमेरिकन स्टुडिओने. याच लोकांनी २००७ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी ‘कॉन्ट्रा ४’ केला होता, त्यामुळे मालिकेची नाडी त्यांना ठाऊक आहे. स्टेज आठ आहेत, जुन्या घरगुती कॉन्ट्राइतक्याच. जंगल आहे, धबधबा आहे, बिल रायझर आणि लान्स बीन हे दोघे आहेत, उडत येणाऱ्या कॅप्सूल आहेत आणि त्यातून पडणारी अक्षरंही आहेत, प्रत्येक अक्षर म्हणजे एक हत्यार. पहिल्या स्टेजचं संगीत ऐकलंत की पुढचं सांगायला नको.

गलुगा हे नाव मूळ जपानी कथेतलं. साल २६३३, न्यूझीलंडजवळची बेटं, तिथे उतरलेली परग्रहावरची टोळी, असं ते सगळं होतं. अमेरिकेत विकताना कथा बदलून भविष्याऐवजी तेव्हाच्या वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात नेली. आपण दोन्हीपैकी काहीच वाचलं नव्हतं, कॅसेटबरोबर पुस्तिका मिळायची कुठे! उजवीकडे पळायचं आणि दिसेल त्याला गोळी घालायची, एवढं पुरेसं होतं.

चित्रं जुन्या ठिपक्या-ठिपक्यांची नाहीत, त्रिमितीय आहेत. मला ती फारशी भावली नाहीत, काही ठिकाणी प्लॅस्टिकची खेळणी हलल्यासारखी वाटतात. पण खेळताना हाताला जे जाणवतं ते अस्सल आहे आणि शेवटी आपण चित्रं बघायला बसत नाही.

खरेदीआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. या गेममध्ये ऑनलाइन खेळण्याची सोय नाही. स्टोरी मोड दोघांपर्यंत, आर्केड मोड चौघांपर्यंत, आणि सगळे एकाच पडद्यासमोर. गेम हॉलमध्ये बसून खेळण्यासाठीच केलेला आहे. पुढचे सगळे मुद्दे त्याच हिशोबाने लिहिलेत.

## २. कशावर खेळायचं ते ठरवा

घरात जे आहे त्यावर. या एका गेमसाठी नवं मशीन घेऊ नका.

गेम पीसीवर स्टीममधून मिळतो, तसंच प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन, सिरीज एक्स आणि एस, आणि निन्टेन्डो स्विचवरही आहे. पीसी असेल तर गेमच्या पानाच्या तळाशी लागणाऱ्या क्षमतेची यादी असते, ती आपल्या लॅपटॉपशी ताडून बघा. ऑफिसच्या कामाचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर अडखळण्याची शक्यता धरून चाला. अशा वेळी गेमचं रिझोल्यूशन १०८० किंवा ७२० वर आणा. टीव्ही फोर-के आहे म्हणून गेमही फोर-केवर चालवायचा हट्ट करू नका.

ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर तर अजिबात लावू नका. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत नोकरी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतोय.

स्विचबद्दल: निन्टेन्डोचा भारतात अधिकृत पसारा नाही. मशीन मिळतं ते आयात केलेलं, आणि ऑनलाइन दुकानासाठी खातं दुसऱ्या देशाचं काढावं लागतं. आधीपासून घरात असेल तर उत्तम, नाहीतर त्या वाटेला जाऊ नका.

## ३. खरेदी

स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआय चालतं. घाई नसेल तर सेलची वाट बघा. जूनच्या शेवटी उन्हाळी आणि डिसेंबरच्या शेवटी हिवाळी असे दोन मोठे सेल ठरलेले असतात. गेम ‘विशलिस्ट’मध्ये टाकून ठेवा, किंमत उतरली की ईमेल येतो.

डेमो दिसला तर आधी तो उतरवून बघा. नसेल तरी जोखीम थोडी आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. म्हणून कंट्रोलर हातात येण्याआधी गेम विकत घेऊ नका. कीबोर्डवर दोन तास बोटं मोडण्यात मुदत निघून जाते.

आता सापळे.

पहिला, ‘शेअर्ड अकाउंट’. समाजमाध्यमांवरच्या ग्रुपमध्ये प्लेस्टेशनचे गेम चौथाई किमतीत विकणारे भेटतात. ते गेम विकत नाहीत, स्वतःच्या खात्याचा पासवर्ड देतात. तेच खातं आणखी किती जणांना दिलंय याचा पत्ता नसतो. आमच्याच मजल्यावरच्या एकाने असं घेतलं आणि काही आठवड्यांत पासवर्ड बदलला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तक्रार करणार कुणाकडे, नियम तर आपणही मोडलेला असतो.

दुसरा, स्वस्त ‘की’, म्हणजे गेम खात्यात चालू करायचा कोड, विकणाऱ्या साइट. सगळ्याच फसव्या नसतात, पण कुठली खरी ते ओळखण्यात तुमचा रविवार जाईल. तेवढ्या फरकासाठी नको.

तिसरा सापळा स्टेशनबाहेरच्या ठेल्यांवर मिळतो. टीव्हीला मागे खोचायची काडी, दोन वायरलेस रिमोट, ‘दहा हजार गेम’. त्यात जुना कॉन्ट्रा असतो हे खरं, पण ते गेम परवाना घेऊन टाकलेले नसतात आणि त्या रिमोटचं बटण दाबल्यावर माणूस सावकाश विचार करून उडी मारतो. ‘ऑपरेशन गलुगा’ त्यात नसतो, विकणारा काहीही म्हणाला तरी.

जुनाच कॉन्ट्रा हवा असेल तर २०१९ साली आलेलं ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ घ्या. आर्केडचा, घरगुती ८-बिटचा, पुढचा ‘सुपर सी’, १६-बिटवरचा ‘कॉन्ट्रा ३’ आणि ‘हार्ड कोर’ हे सगळे त्यात आहेत, आणि अधिकृत आहेत.

## ४. कंट्रोलर: इथे कंजुषी करू नका

या प्रकारच्या गेममध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे डावीकडची चार दिशांची फुली, डी-पॅड. आजचे बरेच कंट्रोलर अंगठ्याने फिरवायच्या छोट्या काठीने खेळायच्या गेमसाठी केलेले असतात, आणि डी-पॅड नावापुरता बसवलेला असतो. कॉन्ट्रामध्ये आठ दिशांना गोळी मारायची असते. तिरकं वर मारायचं असताना सरळ वर गेली की समोरचा शिपाई तुमच्या अंगावर आलाच.

दुकानात बॉक्स उघडून द्यायला सांगा आणि अशी परीक्षा घ्या. अंगठा डी-पॅडच्या मधोमध ठेवा. फक्त उजवीकडे दाबून धरा आणि अंगठा न उचलता जरा वरखाली डोलवा. चांगल्या डी-पॅडवर दिशा उजवीच राहते, भिकार पॅडवर लगेच तिरकी होते. मग मुद्दाम तिरकं दाबा, दोन्ही बाजू एकदम दबल्याचं अंगठ्याला कळलं पाहिजे. दुकानात विंडोज चालू असेल तर शोधपट्टीत ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ लिहा. जी खिडकी उघडते तिच्यात कुठलं बटण दबतंय ते दिसतं. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.

कुठे जायचं? ठाणेकरांनी गोखले रोड आणि स्टेशन परिसरातल्या दुकानांत आधी चौकशी करावी, पण तिथे मोबाईलचं सामान जास्त आणि गेमिंगचं कमी. नवी मुंबईकरांसाठी वाशी स्टेशनसमोरचं रघुलीला बरं. निवड खरोखर मोठी हवी असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. दादरला गाडी बदलायचा कंटाळा असेल तर ऑनलाइन मागवा, मात्र परत करण्याची मुदत बघून.

रेडगिअर, कॉस्मिक बाइट या आपल्याकडच्या ब्रँडचे साधे वायरवाले कंट्रोलर सुरुवातीला पुरतात. प्लेस्टेशनचा कंट्रोलर घरात असेल तर तो पीसीलाही जोडता येतो आणि त्याचा डी-पॅड उत्तम असतो.

वायरवाला की वायरलेस? पहिला कंट्रोलर वायरवालाच घ्या. उशीर नाही, चार्जिंग नाही, ऐन बॉससमोर (स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू) मान टाकणं नाही. दुसराही शक्यतो त्याच मॉडेलचा घ्या, नाहीतर “मला तो दे, हा खराब आहे” हे भांडण तिशीनंतरही होतं.

पीसीला जोडल्यावर बटणं उलटसुलट चालली तर घाबरू नका. काही कंट्रोलरवर एक्स आणि डी असा छोटा खटका असतो, तो एक्सवर ठेवा. खटका नसेल तर मधलं होम बटण काही सेकंद दाबून मोड बदलतो, ते बॉक्समधल्या कागदावर दिलेलं असतं. तरीही नाही जमलं तर स्टीमच्या सेटिंगमध्ये ‘कंट्रोलर’ विभागात जाऊन स्टीम इनपुट चालू करा.

## ५. टीव्ही: “हात चालत नाही” याचं खरं कारण

हा भाग वगळू नका. बाकी सगळा लेख विसरलात तरी हा करा.

आजचा टीव्ही समोर आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. तो ते घासूनपुसून, रंग चढवून, हालचाल गुळगुळीत करून दाखवतो. सिनेमाला याने काही बिघडत नाही. गेममध्ये मात्र तुम्ही बटण दाबता आणि तो परिणाम उशिरा दिसतो. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. टीव्हीने १०० मिलिसेकंद उशीर केला तर तुम्ही सहा चित्रं मागे असता. तुमच्याकडे येणारी गोळी प्रत्यक्षात सहा पावलं पुढे पोचलेली असते. जुन्या डबा टीव्हीत ही भानगडच नव्हती, त्यामुळे लहानपणी आपण वाघ होतो.

उपाय असे:

गेम मोड चालू करा. सोनीत ‘पिक्चर मोड’मध्ये ‘गेम’ निवडा. एलजीत ‘गेम ऑप्टिमायझर’ आहे. सॅमसंगमध्ये ‘एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर’खाली गेम मोड सापडतो. इतर कंपन्यांतही ‘गेम’ शब्द शोधा. हा मोड बहुतेक वेळा ज्या एचडीएमआय खाचेत केबल आहे तेवढ्यापुरताच लागतो, म्हणून आधी केबल जोडा, त्या खाचेवर या आणि मग सेटिंग करा. सेट-टॉप बॉक्सच्या खाचेवर गेम मोड लावून “काही फरक पडत नाही” म्हणणारे मी पाहिलेत.

जुना टीव्ही असेल आणि गेम मोड नसेल तर त्या खाचेचं नाव बदलून ‘पीसी’ करून बघा. बऱ्याच टीव्हींत एवढ्यानेही सगळी घासपूस बंद होते.

हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण नावात बऱ्याचदा ‘मोशन’ हा शब्द असतो.

वायफायवरून स्क्रीन टीव्हीवर टाकू नका. मोबाईलवरचे लग्नाचे फोटो दाखवायला ते ठीक आहे. इथे केबलच.

आवाज. ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथने जोडलेला साउंडबार असेल तर गोळी आधी लागते आणि धमाका नंतर ऐकू येतो. टीव्हीचेच स्पीकर वापरा किंवा साउंडबार वायरने जोडा.

लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘फक्त दुसरा पडदा’ निवडा. दोन्ही पडद्यांवर एकदम चित्र दाखवण्याचा पर्याय काही लॅपटॉपवर गेमला अडखळवतो. चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीवर लॅपटॉप आपोआप मंदावतो. आणि चार्जर, टीव्ही, कंट्रोलर सगळं एकाच चांगल्या सर्ज प्रोटेक्टरवर. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते तेव्हा तो लागतोच.

शंका राहिली तर मोबाईलच्या स्लो-मोशनने अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत चित्रित करा. २४० फ्रेमचा मोड असेल तर एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. बटण खाली जाण्यापासून बिलचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा, गेम मोड लावून आणि न लावता. गेम स्वतःही थोडा वेळ घेतो, त्यामुळे आकडा शून्य कधीच येणार नाही. बघायचा तो फरक.

## ६. सुरू करताना कुठले पर्याय निवडायचे

इझी, नॉर्मल, हार्ड असे तीन स्तर आहेत. शिवाय एक वेगळा पर्याय आहे: अंगावर दोन-तीन फटके सोसणारी आयुष्याची पट्टी हवी, की जुन्यासारखं एका गोळीत आऊट. पुरुषार्थ गाजवायला दुसरा निवडू नका. पहिल्यांदा नॉर्मल आणि पट्टी. घरातलं दहा-बारा वर्षांचं पोर जोडीला असेल तर इझी.

स्टोरी मोडमध्ये मध्येमध्ये बरंच बोलणं आहे. ते वगळता येतं. मी वगळतो.

## ७. पहिला तास

अंगठ्यातल्या जुन्या सवयी इथे आड येतात, म्हणून आधी पहिल्या स्टेजच्या सुरुवातीला, मोकळ्या जागेत, या चार गोष्टी करून बघा.

दुहेरी उडी. जुन्या कॉन्ट्रात एकदा उडी मारली की कोलांटी पूर्ण होईपर्यंत तुम्ही देवाच्या हवाली. इथे बिल आणि लान्स हवेत पुन्हा उडी मारू शकतात. जुने खेळाडू ही दुसरी उडी विसरतात आणि खड्ड्यात जातात. उलट काही जण सवयीने दोन्ही उड्या लागोपाठ संपवतात, तेही वाईटच. दुसरी उडी संकटासाठी राखून ठेवायची.

डॅश, म्हणजे एका बटणाने झपकन पुढे झेप. गोळ्यांची रांग येते तेव्हा मागे पळण्यापेक्षा डॅश मारून पलीकडे निघा. इतर पात्रांच्या खुब्या वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे नंतर वळा.

जागेवर उभं राहून नेम. एक बटण दाबून धरलं की माणूस जागचा हलत नाही आणि डी-पॅडने आठही दिशांना नेम धरता येतो. जुन्या घरगुती गेममध्ये तिरकं मारायचं तर पुढे पळावंच लागायचं. बॉसशी लढताना हे बटण सोन्याचं आहे आणि अर्ध्या लोकांना ते असल्याचंच माहीत नसतं. कंट्रोल सेटिंगमध्ये बघून ते तर्जनीखालच्या बटणावर घ्या.

दोन हत्यारं. एकाच वेळी दोन बाळगता येतात, बटणाने अदलाबदल होते. तेच अक्षर पुन्हा उचललं तर हत्याराची ताकद वाढते. ‘एस’वर (पसरून मारणारं हत्यार) पुन्हा ‘एस’ म्हणजे काय, ते दिसेलच. मेलात तर हातात असलेलं हत्यार जातं, दुसरं राहतं. यातूनच जुनी युक्ती निघते: मरण अटळ दिसलं की साधं हत्यार हातात घ्यायचं आणि चांगलं वाचवायचं.

याशिवाय ‘ओव्हरलोड’ आहे. हातातलं हत्यार कायमचं जाळून त्याच्या बदल्यात एक जोरदार करामत मिळते, प्रत्येक हत्याराची वेगळी. नवखे लोक जिवापाड जपतात आणि हत्यारासकट मरतात. बॉसचं थोडंसंच आयुष्य उरलंय आणि तुमचंही, तर बिनधास्त जाळा.

बॉसच्या बाबतीत एकच सल्ला: पहिला जीव मारण्यात घालवू नका, बघण्यात घालवा. प्रत्येक बॉसचे हल्ले ठरावीक आहेत आणि त्याआधी तो इशारा देतो, हात वर घेतो, डोळा चमकवतो, मागे सरकतो. कुठला इशारा कशाचा ते मोठ्याने बोला. जोडीदार असेल तर दोघांनी मिळून बोला. विचित्र वाटतं, पण तिसऱ्या खेपेला हात आपोआप हलतो.

## ८. दोघांनी खेळताना

इथे जुनी वैरं जागी होतात. ८-बिट कॉन्ट्रात धबधबा चढताना वरचा गडी पुढे गेला की पडदा वर सरकायचा आणि खालचा तिथल्या तिथे मरायचा. भावाभावांत यावरून मारामाऱ्या झाल्यात. वर आपल्या लाईफ संपल्या की जोडीदाराच्या उसन्या घेता यायच्या, त्याचा हिशोब अजून काहींनी मिटवलेला नाही.

नव्या गेममध्येही पडदा एकच आहे, म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या. पुढे कोण जाणार? नवखा पुढे आणि जाणता मागे, हेच बरं पडतं, उलट केलं की नवख्याला काही दिसतच नाही. ‘एस’ कुणाचा? एकाने पसरून मारणारं हत्यार घ्यावं आणि दुसऱ्याने ‘एल’ (लेझर) किंवा ‘एच’ (शत्रूचा माग काढणारं) घ्यावं. दोघांनी ‘एस’साठी एकाच कॅप्सूलवर उड्या मारल्या की दोघेही जातात. उभ्या चढाईत वरच्याने बोलून चढायचं, “आलो” ऐकू आल्याशिवाय पुढची फळी पकडायची नाही.

जोडीदार लांब राहत असेल आणि गेम स्टीमवर असेल तर ‘रिमोट प्ले टुगेदर’ वापरून बघा. गेम फक्त एकाकडे असला तरी चालतो. त्याच्या मशीनवरचं चित्र दुसऱ्याकडे इंटरनेटवरून जातं आणि दुसऱ्याची बटणं इकडे येतात. दोघांकडे फायबर असेल, लॅपटॉप राउटरला केबलने जोडलेला असेल, तर इझीवर खेळण्याइतपत जमतं. पण उशीर येतोच, आणि टीव्हीबाबत एवढा खटाटोप केल्यावर तो जास्तच खुपतो. माझा जोडीदार कोपरखैरण्याला असतो. आम्ही हा प्रकार करून पाहिला आणि सोडून दिला. ट्रान्स-हार्बरने माणूस तेवढ्या वेळात घरी येतो.

## ९. क्रेडिट आणि पर्क

हरलात तरी क्रेडिट (गेममधलेच पैसे) जमतात आणि ते पर्क शॉपमध्ये खर्च करता येतात. पर्क म्हणजे जास्तीची लाईफ, मोठी आयुष्याची पट्टी अशा सवलती, आणि त्या एका वेळी मोजक्याच लावता येतात. नवख्यांनी आधी जीव वाढवणारे पर्क घ्यावेत. हत्याराचे पर्क दिसायला आकर्षक असतात, पण जिवंत राहिलात तर हत्यारं रस्त्यात मिळतातच.

आणि हो, तो कोड. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ च्या ‘ग्रेडियस’च्या घरगुती आवृत्तीसाठी केला, कारण स्वतःचाच गेम तपासताना त्यांना तो फार अवघड जात होता. कॉन्ट्रात त्याने तीनच्या तीस लाईफ केल्या आणि जगभर प्रसिद्ध झाला. नव्या गेममध्येही कोड आहे, पण फुकट नाही, तो आधी पर्क शॉपमधून क्रेडिट देऊन घ्यावा लागतो. लगेच त्याच्यामागे लागू नका. तीस लाईफ हाताशी असल्या की माणूस बॉसकडे बघणं सोडून देतो, नुसता मरत पुढे सरकतो, आणि संध्याकाळभरात गेम संपवून “एवढंच होतं का” म्हणतो.

## १०. आठवी स्टेज झाल्यावर

गेम लांब नाही. हात बसल्यावर एका रविवारी दुपारी पूर्ण होतो, आणि पूर्ण किमतीत घेतला असेल तर ते थोडं खटकतं. म्हणूनच वर सेलचं म्हटलं. त्यानंतर आर्केड मोडमध्ये संवादाशिवाय सलग खेळा. चौघं जमले तर गोंधळात कोण कुठे आहे ते कळत नाही, पण हसून हसून पुरेवाट होते. एकट्याने बसायचं तर चॅलेंज मोडमध्ये ३० छोटी आव्हानं आहेत. काही खरोखर चांगली आहेत, आणि ज्यांत ठरावीक वेळात धावायचं असतं ती मला तरी कंटाळवाणी वाटली.

याच जातीचं आणखी काही हवं असेल तर क्रम असा ठेवा. मुलांबरोबर खेळायला ‘सॉनिक मेनिया’, २०१७ चा, ठिपक्यांची चित्रं आणि आजवर पुन्हा जिवंत केलेल्या मालिकांत माझ्या मते सर्वांत देखणा. उड्यांचा नेम पक्का झाला असेल तर ‘मेगा मॅन ११’, २०१८ चा. तलवार आवडत असेल तर जुलै २०२५ मध्ये आलेला ‘निन्जा गायडेन: रेजबाउंड’. तो घेण्याआधी मात्र टीव्हीचा गेम मोड पुन्हा एकदा तपासा, घरातल्या कुणीतरी क्रिकेट बघताना तो हमखास बदललेला असतो.